दारचा वावळ : प्रस्तावना

या पुस्तिकेत एकाच झाडाची माहिती आहे. विसरवाडी, चिंचपाडा, खांडबारा, नवापूर या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाने ते झाड पाहिलेले असते. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, कोंडाईबारीचा घाट उतरून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला ते उभे असते. त्याच्या सावलीत बैलगाडी सोडलेली असते, बाजाराच्या दिवशी एखादा भाजीवाला तिथेच पाल टाकतो. पण घर बांधून झाले, अंगण झाडून झाले आणि दारात एखादे चांगले झाड लावावे असे वाटले, की रोपवाटिकेत जाऊन कोणी त्याचे नाव घेत नाही. अशोक मागतात, पाम मागतात, गुलमोहर मागतात, हल्ली सप्तपर्णीही मागतात. वावळ कोणी मागत नाही, म्हणून रोपवाले तो ठेवत नाहीत. आणि ते ठेवत नाहीत म्हणून कोणाला तो सुचत नाही.

वावळ, काही गावांत वावळा. त्याला दारात मानाने जागा मिळावी, एवढ्यासाठी हे लिखाण आहे. रान राखण्याबद्दल, वनशेतीबद्दल, औषधी वनस्पतींबद्दल मराठीत बरेच लिहिले गेले आहे, आणि त्यात वावळाचा उल्लेख कुठे ना कुठे येतो. पण बागेतले झाड म्हणून, शोभेचे झाड म्हणून, हौसेने लावून निगा राखण्याचे झाड म्हणून त्याच्याकडे पाहिले गेलेले नाही. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे आणि आपले नुकसानही.

एल्म नावाच्या झाडाबद्दल अलीकडे आपल्याकडे कुतूहल वाढले आहे. मुले-पुतणे परदेशी शिकायला जातात, तिथून फोटो पाठवतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला तो रुंद पायरस्ता, दोन्ही बाजूंनी अमेरिकन एल्मच्या फांद्या वर जाऊन एकमेकींत मिसळलेल्या. ॲमस्टरडॅमचे कालवे आणि काठाने ओळीने उभे असलेले एल्म. घरच्यांना ते झाड आवडते आणि प्रश्न येतो : असले झाड आपल्याकडे येईल का? खरे उत्तर असे, की ते एल्म थंड प्रदेशाचे आहेत. हिवाळ्यात खरी थंडी खाऊन झोपायचे आणि वसंतात उठायचे, अशी त्यांची घडण. वैशाखात चाळिशी कितीतरी ओलांडणारा पारा आणि आठ महिने कोरडे जाणारे वर्ष त्यांना सोसणार नाही. चिनी एल्म त्या मानाने सोशिक आहे; बोन्साय करणारे पुण्या-मुंबईत तो कुंडीत वाढवतात आणि बारीक पानांमुळे त्याचे बोन्साय फार देखणे होते. पण अंगणात छाया धरणारा एल्म हवा असेल, तर तो आणायला कुठेही जायला नको. वावळ हा एल्मच्याच कुळातला, उल्मेसी कुळातला आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याला इंडियन एल्म म्हणतात, आणि हे नाव नुसत्या वरवरच्या साम्यावरून दिलेले नाही. या कुळात पूर्वी मोजली जाणारी बरीच झाडे आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी उचलून भांगेच्या कुळात नेली आहेत. वावळ मात्र आपल्या जागी राहिला.

त्याचे शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया. आधी विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश वैद्याने त्याचे वर्णन केले. कोरोमंडल किनाऱ्यावर, आजच्या आंध्रातल्या सामलकोटला, रॉक्सबर्गने बरीच वर्षे काढली. भारतीय चित्रकारांकडून तिथल्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली आणि १७९३ मध्ये तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याच्या दृष्टीने हे झाड सरळ एल्मच होते, म्हणून त्याने ते उल्मस या प्रजातीतच घातले. पुढे १८४८ मध्ये प्लांशाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते वेगळे काढून स्वतंत्र प्रजाती केली. द्राक्षबागायतदारांना हे नाव जवळचे वाटेल, कारण फ्रान्समधल्या द्राक्षांच्या मुळांवर येणारी फायलोक्सेरा ही कीड ओळखण्यात पुढे याच प्लांशाँचा हात होता. या प्रजातीत जगभरात दोनच जाती आहेत, एक आपली आणि दुसरी आफ्रिकेतली. आपल्या भागापुरते पाहायचे तर धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींची नोंद डॉ. डी. ए. पाटील यांनी ग्रंथरूपाने करून ठेवली आहे. आपल्या परिसरातली झाडे ओळखू पाहणाऱ्या प्रत्येक शाळेत तो ग्रंथ असायला हवा.

आयुर्वेदाला वावळ चिरबिल्व या नावाने ठाऊक आहे. चरकाच्या दहा-दहा औषधींच्या गटांत लेखनीय आणि भेदनीय अशा दोन गटांत तो येतो, आणि मूळव्याधीवरच्या काढ्यांत त्याची साल आजही वापरतात. त्याचे दुसरे संस्कृत नाव पूतिकरंज, आणि त्यामुळे बाजारात करंजाशी त्याची गल्लत होते. झाड समोर असेल तर गल्लत व्हायचे कारण नाही. करंजाच्या एका देठावर पाच-सात पर्णिका असतात आणि फळ जाड शेंगेसारखे असते; वावळाचे पान सुटे, एकेकटे, आणि फळ कागदासारखे पातळ. औषधाबद्दल या पुस्तिकेत याहून जास्त काही नाही. साल काढून घरी काढे करू नयेत, वैद्याला विचारावे. आणि उभ्या झाडाची साल काढणे हे झाडासाठी कोणत्याही दृष्टीने बरे नाही.

आता झाडाकडे वळू. वावळाची शोभा समजायची तर त्याचे अख्खे वर्ष पाहावे लागते. एका भेटीत ते झाड कळत नाही.

पावसाळ्यात वावळ गर्द हिरवा असतो. पाने वितीपेक्षा लहान, लांबट अंडाकृती, टोकाला निमुळती, बुडाशी गोलसर, कडा अखंड. फांदीवर ती दोन्ही बाजूंना एकाआड एक अशी ओळीने बसतात, त्यामुळे फांदी आडवी पसरली की पानांचा एक सपाट थर तयार होतो. असे थरावर थर येतात आणि खाली दाट सावली पडते. कार्तिक सरला की पाने पिवळी पडू लागतात आणि पौषापर्यंत झाड बहुधा पूर्ण उघडे होते. मग ते पाहायचे. राखाडी रंगाचे सरळ खोड, वर गेल्यावर फुटणारे दणकट खांदे, त्यांतून निघणाऱ्या बारीक डहाळ्या, आणि या सगळ्याची निळ्या आकाशावर उमटलेली रेघ. जुन्या झाडाच्या सालीचे खवले सुटतात आणि खाली फिकट, नवी साल दिसते. विसरवाडीच्या बाजूला हिवाळ्यातली सकाळ स्वच्छ असते. अशा सकाळी पूर्वेच्या उन्हात वावळाचे खोड जसे उजळते, तसे पामचे कधी उजळत नाही.

माघात या उघड्या फांद्यांवर फुले येतात. ती फुले म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत. बारीक, हिरवट-तपकिरी, झुपक्यांनी डहाळीला चिकटलेली, पाकळ्या नसलेली. त्यांना किडे-पाखरांना बोलवायचे नसते, वाराच त्यांचे काम करतो, आणि पाने आधीच गळून गेलेली असल्याने वाऱ्याला अडसर नसतो. मग पंधरा-वीस दिवसांत झाडावर अचानक पोपटी रंग चढतो. रस्त्याने जाणाऱ्याला वाटते, पालवी फुटली. जवळ गेल्यावर कळते, की ही पाने नव्हेत. झुपक्या-झुपक्यांनी लटकलेली फळे आहेत.

एक फळ हातात घेऊन पाहावे. साधारण इंचभर व्यासाची गोल चकती. पतंगाच्या कागदाइतकी पातळ, उन्हाकडे धरली तर आरपार उजेड दिसतो. मधल्या फुगीर बीपासून बारीक शिरांचे जाळे कडेपर्यंत गेलेले असते. वरच्या टोकाला एक छोटी खाच, आणि त्या खाचेत दोन इवली शिंगे. फुलातल्या परागवाहिनीचे उरलेले टोक ते. ओले असताना चकती मऊ, जराशी लवदार लागते. बोटांनी कडेचा पापुद्रा सोलला की आत छोटी चपटी बी निघते. गुरे राखणारी मुले ती खातात. चव कच्च्या दाण्यासारखी, थोडी तेलकट. उत्तर भारतात याच झाडाला चिलबिल किंवा पापडी म्हणतात आणि माकडांच्या नावाने या चकतीला नाव आहे, कारण माकडे त्यावर तुटून पडतात. आपल्याकडेही फाल्गुनात वावळावर वानरांची टोळी बसलेली दिसली, तर ती यासाठीच.

चैत्रात नवी पाने येऊ लागतात आणि चकत्या वाळून गवताच्या रंगाच्या होतात. वैशाखात वारा सुटला की त्या सुटतात. एकदम हजारो चकत्या, गरगरत, अंगणभर, रस्ताभर, कौलांवर. ॲमस्टरडॅममध्ये एप्रिल-मेमध्ये एल्मच्या बिया अशाच उडतात. तिथले लोक त्यांना वसंतातला हिमवर्षाव म्हणतात आणि ते पाहायला मुद्दाम फिरायला निघतात. त्याच महिन्यांत आपल्या अंगणात तेच घडत असते आणि आपण केरसुणी घेऊन उभे असतो. झाडायला हरकत नाही. पण झाडण्याआधी घटकाभर पाहावे, अशी विनंती आहे.

माझ्या मते अंगणाच्या दृष्टीने वावळाचा सगळ्यात मोठा गुण त्याच्या या वेळापत्रकात आहे. हिवाळ्यात तो उघडा असतो, म्हणून ओट्यावर कोवळे ऊन येते, वाळवण पडते, म्हातारी माणसे उन्हात बसू शकतात. ऊन खरोखर जाळू लागते तेव्हा, चैत्र-वैशाखात, पाऊस पडायच्या कितीतरी आधी, तो नव्या पानांनी भरलेला असतो. बारमाही हिरव्या झाडाला हे जमत नाही. त्याच्याखाली पौषातही गारठा असतो. आणि पाणी? एकदा मुळे खोल गेली, की उन्हाळ्यात वावळाला आपल्या हंड्यातले पाणी लागत नाही. नंदुरबार-शहाद्याच्या मानाने आपल्या बाजूला पाऊस बरा पडतो. तेवढा त्याला पुरतो.

वावळाविरुद्ध लोक जे बोलतात त्याचीही दखल घेतली पाहिजे. पहिली तक्रार वासाची. पान चुरगळले किंवा फांदी ताजी तोडली की उग्र, नकोसा वास येतो, हे खरे आहे. पण झाड उभे असताना, त्याच्या सावलीत बसले असताना हा वास येत नाही. पाने ओरबाडली नाहीत तर त्रास नाही. दुसरी तक्रार केराची. पाने गळतात, चकत्या पडतात. पानगळीचे कोणतेही झाड दारात लावले तर हे होणारच, आणि परसात एक खड्डा करून त्यात हा पालापाचोळा टाकला तर वर्षभरात चांगले खत होते. तिसरी तक्रार जास्त खोलवरची आहे. आपला भाग सागाचा. झाडाचे मोल लाकडावरून ठरवायची सवय आपल्याला इथल्या जंगलांनीच लावली. वावळाचे लाकूड हलके, पिवळसर. गाडीचे काही भाग, स्वस्त सामान, कोळसा, यापलीकडे त्याला भाव नाही. म्हणून त्याला कोणी मोजत नाही. दारातल्या झाडाला मात्र हा हिशोब लावू नये. ते कापायचे नसतेच, मग त्याच्या फळ्यांची किंमत कशाला काढायची? उलट भाव नसल्यामुळे त्याच्यावर चोराची नजर नाही, ही दारातल्या झाडाची सोयच आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. वावळाचे पराग हवेतून उडतात आणि ज्यांना परागांची ॲलर्जी असते त्यांना फुलांच्या दिवसांत शिंका, डोळ्यांची जळजळ, कधी दम्याचा त्रास होऊ शकतो. उत्तर भारतात झालेल्या अभ्यासांत ॲलर्जी निर्माण करणाऱ्या महत्त्वाच्या परागांत वावळ धरला गेला आहे. घरात दम्याचे माणूस असेल तर वावळ झोपायच्या खोलीच्या खिडकीशी लावू नये. अंगणाच्या टोकाला किंवा बांधावर लावावा. दवाखाना आणि शाळेचे वर्ग यांना अगदी लागून ओळीच्या ओळी वावळाच्या लावू नयेत, असे मी म्हणेन. एखादे झाड आणि सगळा रस्ता एकाच झाडाचा, यांत फरक आहे.

जागेचा विचार रोप आणण्याआधी करावा. वावळ मोठे झाड आहे. चांगल्या जमिनीत पन्नास-साठ फूट सहज जाते आणि पसरतेही. घराच्या भिंतीपासून निदान पंचवीस-तीस फूट अंतर हवे. वरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागा सोडावी, कारण तारांखालच्या झाडाची दर वर्षी होणारी छाटणी म्हणजे त्याची दर वर्षी होणारी विटंबना असते. विहिरीचा कठडा, सांडपाण्याची टाकी, पाइप यांच्यापासूनही दूर. घराच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला जागा असेल तर उत्तम. उन्हाळ्यातले तिसऱ्या प्रहराचे ऊन तिथून येते. आपल्या पाड्यांवरची घरे एकमेकांना चिकटून नसतात, प्रत्येक घर आपल्या शेतात सुटे असते. एवढी ऐसपैस जागा शहरातल्या बागवाल्याला स्वप्नातही मिळत नाही, आणि वावळासारख्या झाडाला नेमकी तीच हवी असते. गावठाणातल्या अर्ध्या गुंठ्याच्या प्लॉटवर वावळ लावू नये. तिथे हौस असेल तर कुंडीतला वावळ आहे. त्याचे बोन्साय चांगले होते, छाटणी सोसते, आणि जून खोडाची साल कुंडीतही दिसू लागते.

जमिनीबद्दल वावळ फार चोखंदळ नाही. मुरमाड, खडकाळ जमिनीत तो येतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचणार नाही एवढे पाहावे लागते. तिथे रोप सपाटीवर न लावता वीतभर उंच, पसरट वरंब्यावर लावावे. खड्डा वैशाखात काढावा, दोन फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल, आणि पाऊस पडेपर्यंत उन्हात तापू द्यावा. भरताना तीच माती वापरावी. तिच्यात चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. आपल्याकडे वाळवीचा त्रास आहे. कच्चे शेण घालू नये, त्यानेच वाळवी येते. बाहेरून सुपीक माती आणून खड्डा भरायची पद्धत पडली आहे, ती मला पसंत नाही. मुळे मग त्या मऊ खड्ड्यातच गोल फिरत राहतात आणि आजूबाजूच्या कठीण जमिनीत जायला तयार होत नाहीत. पहिला मोठा उन्हाळा आला की अशी झाडे मान टाकतात.

पहिली तीन वर्षे निगा राखावी लागते, पुढे फार थोडी. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, पण भरपूर द्यावे, म्हणजे ओल खोल जाते आणि मूळ तिच्या मागे जाते. हलक्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. खोडाभोवती हात-दीड हाताच्या वर्तुळात वाळलेला पाला पसरावा. खोडाला मात्र तो टेकू देऊ नये. आधाराला बांबू लावला तर सुतळी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधावी आणि वर्षभरात काढून टाकावी. विसरलेली सुतळी सालीत रुतते आणि झाड तिथेच मोडते. शेळ्यांपासून राखायला बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण पुरते. शेळीला वावळाचा पाला चालतो, आणि कोवळा शेंडा एकदा खाल्ला की झाड वेडेवाकडे होते.

कोवळ्या रोपाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मोठ्या वावळाच्या पानाची कड अखंड असते, पण कोवळ्या रोपाची पाने दातेरी असतात. त्यामुळे बांधावर आपोआप उगवलेले रोप पाहून लोकांना वाटते, हे दुसरेच काहीतरी तण आहे, आणि निंदणीत ते उपटले जाते. जवळपास मोठा वावळ असेल तर पावसाळ्यात त्याच्या आसपास पाहावे. दातेरी कडेचे, दोन्ही बाजूंना एकाआड एक पाने असलेले, चुरगळल्यावर तोच उग्र वास येणारे रोप दिसले तर ते वावळाचेच. हाताच्या लांबीहून लहान असताना, ओल असताना, मातीच्या गोळ्यासकट ते उचलून दुसरीकडे लावता येते.

छाटणीचा विषय आला की माझे मन कळवळते, कारण आपल्याकडे छाटणीच्या नावाने झाडाचे मुंडके उडवतात. वरून सगळे खांदे कापून ठूठ ठेवायचे आणि मग त्याला फुटलेल्या काड्यांना झाड म्हणायचे. वावळ हे सोसतो, बुंध्यापासून तोडला तरी धुमारे काढतो, आणि त्याची ही सोशिकताच त्याला बाधते. कापलेल्या टोकावर फुटलेल्या फांद्या सालीलगतच्या बाहेरच्या थरातच रुजलेल्या असतात, आतून जुळलेल्या नसतात; दहा-पंधरा वर्षांनी जड झाल्या की वादळात त्याच खाली येतात. खरी छाटणी लहानपणीच करावी, पानगळ झालेली असताना. दोन शेंडे बरोबरीने वर जात असतील तर एक ठेवावा. एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढावी. माणसाच्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या एकदम न काढता दोन-तीन वर्षांत हळूहळू काढाव्यात. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. ती राखून, तिच्या बाहेरून कापावे. अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून पाहिली आणि दाखवून दिले, की झाड जखम भरून काढत नाही, ते जखमेभोवती आतून भिंती बांधून तिला कोंडते. ती वळी हीच त्या भिंतीची जागा. ती कापली की झाडाचे संरक्षण गेले. जखमेवर डांबर, रंग लावायची गरज नाही. बांडगूळ दिसले तर मात्र वाट पाहू नये, ते धरलेल्या फांदीसह लगेच काढावे.

आणि पार. झाड जरा मोठे झाले की त्याला सिमेंटचा पार बांधायची आपल्याला हौस असते. बसायला जागा होते, दिसायला नीटस दिसते. पण खोडाभोवती माती वर चढवून ती कोंडली, वरून फरशी बसवली, की बुंध्याला हवा मिळत नाही, साल कुजू लागते. पार बांधायचाच असेल तर खोडापासून निदान चार-पाच हात दूर, आतली माती मूळच्या पातळीवर ठेवून, आणि तळ उघडा ठेवून बांधावा. दगड नुसते रचून केलेला पार याहून चांगला. सूरत-धुळे रस्ता रुंद होत गेला तसतशी रस्त्याकडेची जुनी सावली आक्रसली. निदान जी झाडे दारात आहेत ती आपल्या प्रेमाने गुदमरू नयेत.

शेवटी युरोपातल्या एल्मची हकिगत सांगायला हवी, कारण आपले पुढचे काम तिच्याशी जोडलेले आहे. पहिल्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये एल्म वाळू लागले. योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्त्स या तरुण संशोधिकेने त्यामागची बुरशी शोधून काढली. १९२१ च्या सुमाराची ही गोष्ट. सालीखाली राहणारे भुंगेरे ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, आणि तिला अडवण्याच्या प्रयत्नात झाड आपल्याच पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करून टाकते आणि वाळते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या रोगाची याहून जहाल दुसरी लाट आली आणि एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म गेले. तिथली खेडी, तिथली चित्रे ज्या झाडावाचून कल्पिता येत नव्हती, ते झाड एका पिढीत दिसेनासे झाले. एवढी हानी का झाली, याची बरीच कारणे आहेत. त्यांतले एक असे, की इंग्लिश एल्म बहुतेक ठिकाणी बीपासून वाढवलेलाच नव्हता. मुळांना फुटणारे धुमारे काढून तो लावत गेले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले, की ही सगळी झाडे जवळजवळ एकाच झाडाच्या प्रती आहेत, आणि ते मूळ झाड रोमनांनी आणलेले होते. एकाला जे बाधले ते सगळ्यांना बाधले. प्रतिकार करू शकणारे एल्म तयार करताना डच संशोधकांना आपल्या हिमालयातल्या एल्मचा उपयोग झाला. आणि तोच हिमालयी एल्म चाऱ्यासाठी सतत फांद्या तोडल्याने आज धोक्यात असलेल्या झाडांत गणला जातो.

म्हणून वावळ लावायचा तर बीपासून, आणि एकाच झाडाच्या बीपासून नव्हे. एखाद्या शाळेने किंवा गावाने रोपे करायचे ठरवले, तर सोयीचे म्हणून चौकातल्या एकाच वावळाखालची चकत्यांची रास भरू नये. एक झाड ओढ्याकाठचे, एक घाटाच्या पायथ्याचे, एक मुरमाड माळावरचे, एक शेजारच्या गावचे, अशी निदान पाच-सहा वेगवेगळी झाडे धरावीत आणि प्रत्येकाचे बी वेगळ्या पिशवीत, झाडाची जागा लिहून ठेवावे. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, चकती गवताच्या रंगाची झाली आणि आपोआप गळू लागली की गोळा करावी. बऱ्याच चकत्या पोकळ असतात. अंगठा आणि बोटात दाबून मधे टणक लागते ती ठेवावी, दबते ती टाकावी. पुढच्या वर्षासाठी साठवून ठेवू नये, वावळाचे बी फार काळ टिकत नाही. सावलीतल्या गादीवाफ्यावर चकत्या आडव्या पसराव्यात, वर बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त माती घालू नये, गोणपाट झाकून झारीने हलके पाणी द्यावे, आणि कोंब दिसू लागले की गोणपाट काढून घ्यावे. रोपे चार-पाच पानांवर आली की पिशव्यांत हलवावीत, आणि त्या पिशव्यांवरही कोणत्या झाडाचे बी ते लिहावे. या पावसाळ्यात लावायची घाई करू नये. पिशवीत एक वर्ष काढून पुढच्या आषाढात लावलेले रोप लवकर धरते. तोवर खड्ड्याची जागा ठरवायला पुष्कळ वेळ मिळतो.